वाचकांचे प्रश्न: वाईन दुकानातून घ्यावी की मोबाइलवरून?

वाईनच्या खरेदीबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न: आमच्या जवळच्या दुकानात नाशिकची शेनिन ब्लां ही पांढरी वाईन ज्या किमतीला मिळते, त्याच किमतीला मोबाइलवरही दिसते. मग दुकानापर्यंत पायपीट कशाला करायची? (कोथरूड, पुणे)

आधी एक समजून घ्या. महाराष्ट्रात विक्रीचा परवाना दुकानाला असतो, ॲपला नाही. मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात राज्याने घरपोच विक्रीला मुभा दिली, तीही परवानाधारक दुकानालाच. त्यामुळे मोबाइलवर मागवलेली बाटली कुठल्या तरी मोठ्या गार गोदामातून येत असेल, असे समजू नका. ती तुमच्याच भागातल्या दुकानाच्या फळीवरून उचललेली असते. फरक इतकाच की दुकानात बाटली तुम्ही निवडता आणि मोबाइलवर ती दुकानातला पोऱ्या निवडतो. त्याच्या हाताला पुढची बाटली लागते. पुढची बाटली म्हणजे बहुधा ट्यूबलाइटच्या सगळ्यात जवळ आणि सगळ्यात जास्त दिवस उभी राहिलेली.

व्हिस्की किंवा रम असेल तर याने काही बिघडत नाही. ४२.८ टक्के अल्कोहोल असलेली बंद बाटली वर्षभर फळीवर राहिली तरी तिला काही होत नाही. वाईन १२ ते १४ टक्क्यांची असते, तिला उष्णता, उजेड आणि हवा तिन्ही बाधतात. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक दुकानांचा धंदा व्हिस्की आणि बिअरवर चालतो. वाईनची फळी कोपऱ्यात असते आणि तिथला माल सावकाश हलतो. म्हणून दुकान निवडताना किंमत नंतर बघा, आधी माल किती वेगाने खपतो ते बघा. बाटल्यांच्या खांद्यावर धूळ असेल, एकाच वाईनच्या तीन वेगवेगळ्या वर्षांच्या बाटल्या शेजारी शेजारी असतील, तर तिथला खप मंद आहे.

एसी आहे की नाही हे सगळेच विचारतात. रात्री तो चालू असतो का, हे विचारायला हवे. शटर पश्चिमेकडे आणि रात्री एसी बंद, असे असेल तर फळीवरचा माल रोज तापतो आणि रोज थंड होतो. एकसारख्या २५ अंशांपेक्षा ही रोजची चढउतार बुचाच्या बाटलीला अधिक वाईट.

बाटली हातात घेतल्यावर मागच्या लेबलवर बाटलीबंद केल्याची तारीख आणि बॅच क्रमांक शोधा. मग उजेडासमोर धरून पातळी पाहा. शेजारच्या त्याच जातीच्या बाटल्यांपेक्षा एखादीत पातळी बोटभर खाली असेल तर ती सोडा. पांढऱ्या वाईनचा रंग फिकट गवती किंवा हिरवट पिवळा असावा. तो चहाकडे झुकला असेल तर हवा लागून ती उतरलेली आहे. बुचाची बाटली असेल तर वरच्या टोपीवरून अंगठा फिरवा. बूच टोपीला आतून ढकलत असेल किंवा टोपीच्या कडेला चिकट लागत असेल तर बाटली कधीतरी तापलेली आहे.

एवढे सगळे करायला दुकानात जावे लागते. तरीही मोबाइलवरून मागवण्यात काही चूक नाही, फक्त काय मागवायचे ते ठरवून मागवा. फिरकीच्या झाकणाची, चालू किंवा मागच्या हंगामातली आणि त्या दुकानात रोज खपणारी वाईन नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बिनधास्त मागवा. ऑर्डर पक्की करण्याआधी दुकानाला फोन करा आणि मागच्या लेबलचा फोटो पाठवायला सांगा, तारीख दिसेल असा. हे मागायला संकोच वाटू नये. महाग बाटली, जुनी रेड किंवा बुचाची कुठलीही बाटली मात्र स्वतः जाऊन घ्या.

पैशांचे म्हणाल तर छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. घरपोच आणण्याचा आकार बिलात वेगळा दाखवलेला असावा. ‘थंड करून देतो, वर वीस रुपये’ हा प्रकारही नियमात बसत नाही. आणि मद्य बाळगायचा परवाना दोन्हीकडे लागतो. एका दिवसाचा ५ रुपये, वर्षाचा १०० आणि आजीवन १००० रुपये. तो राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या संकेतस्थळावर अर्ज करून काढता येतो. दुकानात बिलासोबत एक दिवसाचा परवाना फाडला जातो, तेव्हा बहुतेकांना हे कळतही नाही. वारंवार घेणाऱ्याने आजीवन परवाना काढून टाकावा.

प्रश्न: मे महिन्यात दुपारी घरपोच आलेल्या रेड वाईनचे बूच अर्धा सेंटिमीटर वर आलेले होते आणि बाटलीच्या गळ्याला चिकट ओघळ होता. दुकानदार म्हणतो, उन्हाळ्यात असे होतेच. वाईन खराब झाली का? (नागपूर)

उन्हाळ्यात असे होते हे खरे, पण म्हणून ते चालवून घ्यायचे नसते.

काय घडले ते असे. बाटलीत वाईन आणि बूच यांच्यामध्ये थोडीशीच हवा असते, काही मिलिलिटर. ७५० मि.ली. वाईन २० अंशांवरून ४० अंशांवर गेली की साधारण ४ ते ६ मि.ली. फुगते. काच जवळजवळ फुगत नाही. दाबली गेलेली हवा बुचाला वर ढकलते आणि कडेने थोडी वाईन बाहेर झिरपते. तोच तुमच्या गळ्यावरचा ओघळ. पुढचा भाग दिसत नाही, पण नुकसान तोच करतो. बाटली पुन्हा थंड झाली की आतली वाईन आकसते आणि बाहेरची हवा बुचाच्या कडेने आत ओढली जाते. त्या दिवसापासून वाईनचा ऱ्हास सुरू होतो. आज उघडली तर कदाचित ठीक लागेल, दोन महिन्यांनी लागणार नाही.

हवेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी उष्णता स्वतःच काम करते. तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. वाईन टिकवण्यासाठी घातलेला सल्फर डायऑक्साइड लवकर संपतो. ताज्या फळाचा वास जातो आणि त्या जागी उकडलेल्या मनुकांचा, जॅमचा वास येतो. फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत ओघळ येत नाही, म्हणून ती तापली होती की नाही हे बाहेरून कळत नाही. एवढ्यावरून ती सुरक्षित राहिली असे समजू नये.

तुमच्या बाटलीबाबत: न उघडता परत करा, बदली मागा. ओघळाचा आणि वर आलेल्या बुचाचा फोटो बिलासोबत त्याच दिवशी पाठवा. बदली मिळत नसेल तर ठेवून देऊ नका, आठवडाभरात संपवा.

विदर्भात मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत दुपारी वाईन मागवूच नये. दुचाकीच्या मागच्या काळ्या पेटीत ४३ अंशांच्या उन्हात पाऊण तास फिरलेली बाटली दुकानातल्या उत्तम एसीला निरर्थक करते. सकाळी दुकान उघडल्यावर किंवा रात्री आठनंतरची वेळ मागा, नाहीतर गार पाण्याच्या बाटल्या घातलेली पिशवी घेऊन स्वतः जा. वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे दारूबंदीचे आहेत, तिथे घरपोच देतो म्हणणारा कोणीही बेकायदा आहे. चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठली.

प्रश्न: ‘एकावर एक फ्री’ अशी पांढरी वाईन आणि रोझे (गुलाबी वाईन) दिसते. घ्यावी का? जुनी वाईन चांगली असते असे ऐकले आहे. (ठाणे)

जुनी वाईन चांगली हा समज थोड्याशा रेड वाईनपुरता आणि थंड तळघरापुरता खरा आहे. आपल्याकडच्या शेनिन ब्लां, सोविन्यों ब्लां आणि रोझे या ताज्या पिण्यासाठीच केलेल्या असतात. हंगामापासून दीड-दोन वर्षांत त्या प्याव्यात. साधी रेड, म्हणजे शिराझ किंवा कॅबर्ने, तीन वर्षे बरी राहते. लाकडी पिपात मुरवलेली राखीव (‘रिझर्व्ह’) रेड चांगली ठेवली तर त्याहून अधिक.

लेबलवरचे वर्ष द्राक्ष तोडणीचे असते. नाशिक, दिंडोरी, निफाड, अकलूज या पट्ट्यात तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. युरोपात ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असते. म्हणजे एकाच वर्षाचे लेबल असले तरी आपली वाईन तिकडच्यापेक्षा सहा-आठ महिन्यांनी वयस्क असते. पांढऱ्या वाईनमध्ये हा फरक लहान नाही.

‘एकावर एक’ ही योजना दोनच कारणांनी निघते: नवा माल आला म्हणून जुना काढायचा, किंवा नवा ब्रँड रुजवायचा. पहिल्या प्रकारची बाटली तारखेवरून लगेच ओळखता येते. वर्ष छापलेलेच नसेल तर बाटलीबंद केल्याची तारीख पाहा. दीड वर्षाच्या आतली असेल आणि रंग ठीक असेल तर खुशाल घ्या, पण साठवायला नको, त्या महिन्यात पिण्यासाठी.

रोझेबाबत एक जास्तीची काळजी घ्या. ती रंग दिसावा म्हणून पारदर्शक काचेत भरतात. सूर्यप्रकाश किंवा प्रखर ट्यूबलाइट काही दिवस लागला की वाईनमधल्या घटकांपासून गंधकाचे वास तयार होतात, आणि ताज्या स्ट्रॉबेरीऐवजी उकडलेल्या कोबीचा वास येतो. काचेच्या शोकेसमध्ये मांडलेली रोझे कितीही सुंदर दिसली तरी मागच्या खोक्यातली मागा.

प्रश्न: मोबाइलवर दुकानाचे नाव शोधून मिळालेल्या नंबरवर फोन केला. त्यांनी आधी पैसे मागितले आणि एक क्यूआर कोड पाठवला. पैसे भरले तर ‘पावती अडकली, पुन्हा एकदा तेवढीच रक्कम भरा, पहिली परत येईल’ म्हणाले. आता फोन उचलत नाहीत. (दादर, मुंबई)

ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. आर्थिक सायबर फसवणुकीसाठीची ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा. पैसे पुढे वळते होण्याआधी तक्रार गेली तर ते गोठवता येण्याची शक्यता असते, म्हणून इथे तासांना किंमत आहे. त्यानंतर बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार नोंदवा. दारूची ऑर्डर होती म्हणून लाजून गप्प बसणारे बरेच असतात, आणि भामट्यांचा धंदा त्यावरच चालतो.

पद्धत ठरलेली आहे. नकाशावरच्या किंवा शोधयंत्रातल्या खऱ्या दुकानाच्या नोंदीत भामटा आपला नंबर घुसवतो. दुकान खरे, फोटो खरे, नंबर खोटा. म्हणून नंबर एकदा दुकानात जाऊन, बिलावरचा, लिहून आणा. पैसे बाटली दारात आल्यावर द्या. आणि कायमचे लक्षात ठेवा: पैसे मिळवण्यासाठी कधीही क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

आणखी एक ठोकताळा. २ ऑक्टोबरला, २६ जानेवारीला, १५ ऑगस्टला किंवा मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत ‘घरपोच देतो’ म्हणणारा एक तर बेकायदा विकतो आहे किंवा विकतच नाही. अशा कोरड्या दिवशी (ड्राय डे) परवानाधारक दुकान बंदच असते.

प्रश्न: गोव्याहून येताना वाईन आणली तर चालते का? आणि बंगळूरच्या वाईनरीकडून कुरिअरने मागवता येईल का? (सावंतवाडी)

कुरिअर: नाही. मद्य हा राज्यांचा विषय आहे, संविधानाच्या राज्यसूचीतली आठवी नोंद. प्रत्येक राज्याचा कर वेगळा, परवाना वेगळा, आणि बाटलीवर ती कुठल्या राज्यात विक्रीसाठी आहे हे छापलेले असते. कर्नाटकात कर भरलेली बाटली तुमच्या घरी यायची तर ती महाराष्ट्रात रीतसर आणली गेली पाहिजे, आणि ते काम घाऊक परवानाधारक करतो, कुरिअर नव्हे. ‘काचेचे सामान’ किंवा ‘सरबत’ लिहून पाठवतो म्हणणाऱ्यांना नकार द्या. वाटेत फुटली तर वास लपत नाही, आणि नुकसानभरपाई मागण्याची सोयही राहत नाही.

गोव्याची बाटली गोव्यात विकत घेणे कायदेशीर आहे. ती विनापरवाना सीमेपार आणली की महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा होतो आणि वाहनही जप्त होऊ शकते. इन्सुलीचा नाका तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. गोव्यातले बिल दाखवले की सुटतो, हा गैरसमज आहे. बिल तुम्ही पैसे दिल्याचे सांगते, महाराष्ट्राचा कर भरल्याचे नाही.

खरे तर वाईनसाठी हा धोका पत्करण्यात अर्थही नाही. गोव्याची स्वस्ताई प्रामुख्याने व्हिस्की, रम, जिन यांत दिसते. राज्यात पिकलेल्या द्राक्षांच्या वाईनवर महाराष्ट्राने २००१ च्या धोरणापासून कर हलका ठेवला आहे, त्यामुळे नाशिकची वाईन गोव्यात जाऊन आणण्यासारखा फरक उरत नाही.

प्रश्न: घरच्या कार्यक्रमाला ६० पाहुणे आहेत. वाईनरीतून थेट आणणे बरे की दुकानातून खोके मागवणे? किती लागेल? (कल्याण)

हिशेब असा करा. ७५० मि.ली.च्या बाटलीत १५० मि.ली.चे पाच पेले होतात. ६० पैकी ३० जण वाईन घेणार आणि प्रत्येकी दोन पेले धरले तर ६० पेले, म्हणजे १२ बाटल्या. वर दोन जास्तीच्या. एका खोक्यात १२ बाटल्या येतात. उन्हाळ्यात दोन तृतीयांश पांढरी आणि एक तृतीयांश रेड ठेवा, थंडीत उलट. तिखट स्टार्टर असतील तर किंचित गोडसर शेनिन ब्लां बहुतेकांना चालते. पिपात मुरवलेली तुरट रेड आणि मिरचीची भजी एकमेकांना सुखाने नांदू देत नाहीत.

वाईनरीच्या विक्रीकेंद्रातून घेण्याचा फायदा किमतीत शोधू नका, तो तुम्हाला फारसा सापडणार नाही. फायदा आहे ताज्या मालाचा आणि चव घेऊन ठरवण्याचा. काही वाईनरी त्यांच्या काही बाटल्या फक्त तिथेच विकतात. अडचण वाहतुकीची. १२ बाटल्यांचे खोके १५ ते १८ किलो भरते आणि ते डिकीत टाकले जाते. नाशिकहून निघून इगतपुरीला जेवायला गाडी उन्हात लावली की तासाभरात आतले तापमान ५० अंशांच्या वर जाते. नागपूरच्या पत्राच्या उत्तरात सांगितलेले सगळे त्या तासात घडते. जेवण आधी उरका, बाटल्या शेवटी घ्या, एसी चालू असलेल्या गाडीत मागच्या सीटच्या पायाशी ठेवा आणि थेट घरी या. बिल आणि परवाना सोबत हवेत.

स्थानिक दुकानातून खोके घेणार असाल तर आठवडाभर आधी सांगा. दुकानदार घाऊक विक्रेत्याकडून बंद खोके मागवेल. फळीवर उभ्या असलेल्या बाटल्या गोळा करून खोके भरून देऊ नये, हे स्पष्ट सांगायचे. न उघडलेल्या बाटल्या परत घेणार का, हेही आधीच ठरवून बिलावर लिहून घ्या. मोबाइलवरच्या ऑर्डरमध्ये ही मुभा मिळणे अवघड, म्हणून समारंभासाठी ओळखीचे दुकान आम्हाला अधिक पसंत आहे. कार्यक्रम हॉलमध्ये असेल तर एका दिवसाच्या कार्यक्रमाचा वेगळा परवाना लागतो, तो कोण काढणार हे हॉलवाल्याशी बोलून घ्या.

गार करण्याचा वेळ कमी धरू नका. ३२ अंशांच्या खोलीतली बाटली घरच्या फ्रिजमध्ये १० अंशांवर यायला साडेतीन तास लागतात. परदेशी पुस्तकांत रेड वाईन ‘वीस मिनिटे फ्रिजमध्ये’ असे लिहिलेले असते, ते २२ अंशांच्या खोलीसाठी. आपल्याकडे ती १८ अंशांवर यायला दीड तास धरा. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मे पाणी आणि दोन मुठी जाडे मीठ घाला. अर्ध्या तासात काम होते. नुसत्या बर्फाने होत नाही, कारण बर्फाचे तुकडे बाटलीला जागोजागीच टेकतात, पाणी सगळीकडून भिडते. स्पार्कलिंग (बुडबुड्यांची) वाईन फ्रीझरमध्ये ठेवून विसरू नका. आत पाच-सहा वातावरणांचा दाब असतो आणि ती गोठताना फुगते. मग फुटलेली काच वेचत बसावे लागते.

प्रश्न: तीच फ्रेंच वाईन भावाला लंडनमध्ये १० पाउंडांना मिळते आणि आमच्याकडे तिप्पट किमतीला. दुकानदार लुटतो का? ऑनलाइन स्वस्त मिळेल का? (औरंगाबाद रोड, अहिल्यानगर)

दुकानदार बिचारा निर्दोष आहे. आयात वाईनवर एकूण सीमाशुल्क १५० टक्क्यांपर्यंत असते, त्यावर राज्याचे कर आणि आयातदार, घाऊक, किरकोळ अशी साखळी. देशागणिक करारांनी हे बदलते. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. ५ डॉलरच्या वरच्या आयात किमतीच्या बाटलीवर शुल्क १०० टक्क्यांवर आले आणि १० वर्षांत ५० वर येईल. १५ डॉलरच्या वरच्या बाटलीवर ते ७५ वर आले, पुढे २५ वर. त्यामुळे आयात वाईन घ्यायचीच तर ऑस्ट्रेलियन शिराझकडे आधी बघा.

ऑनलाइनही तोच कर भरलेला माल असतो. फारच स्वस्त दिसली तर मागच्या लेबलवर भारतीय आयातदाराचे नाव, पत्ता आणि अन्नसुरक्षा परवाना क्रमांक आहे का ते पाहा. नसेल तर ती शुल्कमुक्त दुकानातून आणलेली किंवा बनावट असू शकते. परदेशातून येणाऱ्या भावाला दोन लिटरपर्यंत आणता येते. दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. तिसरी घेतली की सव्वादोन होते आणि जास्तीच्या मालावर शुल्क लागते.

प्रश्न: नुकतेच लंडनजवळ राहायला आलो. सुपरमार्केटात पाच-सहा पाउंडांची वाईन मिळते, ऑनलाइन व्यापारी सहा बाटल्यांचे खोके १० पाउंडांच्या दराने देतात. एवढा फरक कशाचा? (स्लाव, इंग्लंड)

तिथे मात्र ऑनलाइन खरेदीचा अर्थच वेगळा आहे. व्यापाऱ्याचे खरोखर गोदाम असते, निवड शेकडो बाटल्यांची असते आणि हवामान सौम्य असल्याने प्रवासात वाईन क्वचित तापते. उष्णतेची लाट असेल तो आठवडा टाळा, बाकी काळजी नाही.

किमतीचे गणित मजेशीर आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिटनमध्ये वाईनवरचे उत्पादन शुल्क अल्कोहोलच्या प्रमाणानुसार लागते. १३ टक्क्यांच्या ७५० मि.ली. बाटलीला ते सुमारे ३ पाउंड पडते. ६ पाउंडांच्या बाटलीत १ पाउंड मूल्यवर्धित कर, ३ पाउंड शुल्क. उरलेल्या २ पाउंडांत काच, झाकण, वाहतूक, दुकानाचा नफा आणि शेवटी वाईन. १० पाउंडांच्या बाटलीत कर १.६७, शुल्क तेच ३, आणि उरतात ५.३३. म्हणजे तुम्ही ४ पाउंड जास्त दिले की वाईनच्या वाट्याला येणारी रक्कम अडीच पटींहून अधिक होते. १० ते १४ पाउंडांच्या टप्प्यात पैशांचे चीज होते, असे आमचे मत.

सुपरमार्केटात सहा बाटल्यांवर सवलत असते, ती लागू असेल तेव्हाच घ्या. ऑनलाइन ‘बाँडमध्ये’ असा शब्द दिसला तर किमतीत शुल्क आणि कर धरलेला नाही. गोदामातून सोडवताना ते दोन्ही आणि पोचवण्याचा खर्च वर येतो. किंमत एका बाटलीची, सहाची की बाराची, हे दोनदा वाचा. ऑनलाइन घेतलेला न उघडलेला माल मिळाल्यापासून १४ दिवसांत नको असल्याचे कळवता येते, मात्र परत पाठवण्याचा खर्च बहुधा तुमचा.

प्रश्न: स्वस्त दिसली म्हणून सहा बाटल्या घेतल्या. वाईनचा वेगळा फ्रिज नाही. कुठे ठेवू? (अमरावती)

माळ्यावर नको, स्लॅब सगळ्यात जास्त तिथेच तापतो. स्वयंपाकघरात नको, फ्रिजच्या डोक्यावर तर मुळीच नको. घराच्या आतल्या, पश्चिमेची भिंत नसलेल्या खोलीतल्या कपाटाचा सर्वांत खालचा कप्पा बरा. बुचाच्या बाटल्या आडव्या, म्हणजे बूच ओले राहते. फिरकीच्या उभ्या चालतात. तरीही तुमच्याकडचा उन्हाळा पाहता एप्रिल-मेमध्ये त्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात हलवा. तिथे दोन-तीन महिने काही होत नाही. सहाच्या वर घेऊ नका. जी वाईन साठवायला जागा नाही ती स्वस्त पडत नाही.

उघडल्यावर झाकण लावून फ्रिजमध्येच ठेवा, रेडसुद्धा. पांढरी तीन दिवस, रेड तीन-चार दिवस. स्पार्कलिंग दुसऱ्या दिवशी संपवा.

प्रश्न: बाटली उघडल्यावर वास आवडला नाही तर दुकान परत घेते का? (मिरज)

आवडली नाही, या कारणाने नाही. दोष असेल तर चांगले दुकान घेते, कारण तेही ती वितरकाकडे परत करते. भिजून सुकलेल्या पुठ्ठ्याचा किंवा ओल्या तळघराचा वास येत असेल आणि फळाचा वास अजिबात नसेल तर तो बुचातून आलेला दोष आहे. प्रकृतीला अपाय नाही, पण वाईन गेली. एक घोट घेऊन थांबा, बूच पुन्हा लावा, बाटली जवळपास भरलेली असताना बिलासह एक-दोन दिवसांत न्या. अर्धी पिऊन नेलेल्या बाटलीवर कोणी विश्वास ठेवत नाही. मोबाइलवरून मागवली असेल तरी बिलावर ज्या दुकानाचे नाव आहे तिथेच जायचे.

तळाशी किंवा बुचाला काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले म्हणून मात्र परत करू नका. ते द्राक्षातल्याच टार्टरिक आम्लाचे क्षार आहेत, फ्रिजच्या गारव्याने खाली बसलेले. बाटली तासभर उभी ठेवा आणि शेवटचा बोटभर भाग न ओतता तसाच ठेवा.